तांबं-जस्ताचा साठा सापडला, पण खाण परवडेल का? जमिनीखालच्या खाणीचा हिशेब समजून घ्या

'अमुक तालुक्यात तांब्याचा मोठा साठा आढळला', 'जस्ताच्या ब्लॉकचा लवकरच लिलाव' अशा मथळ्यांच्या बातम्या विदर्भापासून मध्य प्रदेश, तेलंगणा, कर्नाटक, राजस्थानपर्यंत अधूनमधून येतच असतात. बातमीत आकडा असतो लाखो टनांचा. मग गावात चर्चा सुरू होते. नोकऱ्या किती लागतील, जमिनीला काय भाव मिळेल, विहिरीचं पाणी राहील की जाईल? पुढे काही वर्षं जातात, ड्रिल मशीन येऊन परत जाते आणि जमीन होती तशीच राहते. सरकारने फसवलं, असं काहींना वाटतं. काही जण म्हणतात, आत काही नव्हतंच.

बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. धातू असतो, पण तो बाहेर काढून विकल्यावर खर्च वसूल होत नाही. धातू जमिनीत असणं ही भूगर्भशास्त्राची गोष्ट आहे आणि खाण परवडणं ही व्यापाराची. या दोन गोष्टींत किती अंतर असतं, हे देशाच्याच आकड्यांत दिसतं. राष्ट्रीय खनिज नोंदीनुसार १ एप्रिल २०१५ रोजी भारतात तांब्याचं सुमारे १५१ कोटी टन कच्चं खनिज होतं. त्यातलं जेमतेम २०.८ कोटी टन, म्हणजे १४ टक्क्यांच्या आत, 'राखीव साठा' या वर्गात होतं. बाकी सगळं 'उर्वरित संसाधन'. आहे, पण त्या घडीला काढणं परवडेल असं सिद्ध झालेलं नाही.

तांबं, जस्त, शिसं, निकेल या धातूंना खाण व्यवसायात बेस मेटल म्हणतात. सोन्याच्या मानाने ते स्वस्त, त्यामुळे नफा मिळवायला खूप माल काढावा लागतो. साठा खोल असेल, भूमिगत खाणच करावी लागणार असेल, तर हिशेब आणखी घट्ट होतो. तो कसा मांडतात, ते क्रमाने पाहू.

'संसाधन' वेगळं, 'राखीव साठा' वेगळा

रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना साठाच म्हणतो. नोंदीत मात्र फरक काटेकोर आहे. संसाधन म्हणजे खडकात अंदाजे एवढा धातू आहे. राखीव साठा म्हणजे त्यातला जो भाग आजच्या तंत्राने, आजच्या कायद्यात आणि धरलेल्या भावात काढून विकता येईल, तेवढाच.

भारतात यासाठी संयुक्त राष्ट्रांची वर्गीकरण पद्धत वापरतात. तिचे तीन अक्ष आहेत: आर्थिक बाजू, व्यवहार्यतेचा अभ्यास आणि भूवैज्ञानिक खात्री. प्रत्येकासाठी एक आकडा देतात आणि १ हा सर्वांत भक्कम. त्यामुळे १११ असा कोड म्हणजे सिद्ध राखीव साठा, तर ३३३ म्हणजे अनुमानावर आधारलेलं संसाधन. बातमीतला टनांचा आकडा यांतल्या कोणत्या कोडचा आहे, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

शोधमोहिमेच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. जी-४ ही पहिली पाहणी, जी-३ प्राथमिक शोध, जी-२ सर्वसाधारण शोध आणि जी-१ तपशीलवार शोध. २०१५ पासून खाणींचे परवाने लिलावाने दिले जातात. थेट खाणपट्ट्याचा लिलाव करायचा तर साधारणपणे किमान जी-२ पातळीचा पुरावा लागतो. संयुक्त परवान्याला त्याहून कमी माहिती चालते, कारण त्यात पुढचा शोध बोली जिंकणाऱ्यानेच करायचा असतो. म्हणून संयुक्त परवान्याचा लिलाव झाला म्हणजे खाण आलीच, असं समजू नये. तिथे अजून शोधच बाकी असतो.

नागपूर जिल्ह्यातल्या कोलारी-भानोरीचं जस्त, पुलर-परसोडीचं तांबं, चंद्रपूर जिल्ह्यातलं ठाणेवासनाचं तांबं ही नावं भूवैज्ञानिकांना जुनी आहेत. पण नोंदीत नाव असणं आणि तिथून ट्रक भरून माल निघणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जमिनीखाली काय आहे, हे कळतं कसं?

राजस्थानात झावर, राजपुरा-दरीबा, खेत्री या भागांत पूर्वजांनी खणलेले खड्डे, बोगदे आणि धातू गाळल्यावर उरलेल्या राखेचे ढीग आजही दिसतात. आधुनिक शोधाला अशा जुन्या खुणांनी मोठी मदत केली. त्यानंतर माती आणि ओढ्यातल्या गाळाची रासायनिक तपासणी होते, विजेच्या आणि चुंबकीय पद्धतींनी मोजमाप होतं. पण शेवटचा शब्द ड्रिलचा.

पोकळ हिऱ्याच्या बिटने खडक कापून साधारण पाच सेंटिमीटर जाडीचा दंडगोल वर काढतात. याला कोअर म्हणतात. तो पेट्यांत ओळीने मांडतात आणि उभा चिरतात. अर्धा भाग प्रयोगशाळेत जातो, अर्धा पुराव्यासाठी जपून ठेवतात. नमुन्यांमध्ये मुद्दाम काही कोरे आणि काही ठरावीक टक्केवारीचे नमुने मिसळतात, म्हणजे प्रयोगशाळेची चूक किंवा लबाडी पकडता येते. ही काळजी उगाच नाही. इंडोनेशियातल्या बुसांग इथे सोन्याचा प्रचंड साठा असल्याचा ब्री-एक्स या कॅनेडियन कंपनीचा दावा १९९७ मध्ये खोटा निघाला. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं होतं. त्या प्रकरणानंतर कॅनडाने साठ्याची माहिती जाहीर करण्याचे नियम कडक केले.

दोन बोअरमधल्या खडकाबद्दल जे सांगितलं जातं तो अंदाजच असतो. दोनशे मीटरवर एक बोअर असेल तर मधली शिर सलग आहे की तुटक, हे कळत नाही. बोअर जवळजवळ घेतले की खात्री वाढते, आणि खर्चही. पाचशे मीटर खोलीवरचा साठा वरून दाट ड्रिल करणं फार महाग पडतं. म्हणून पुष्कळ वेळा आधी बोगदा नेतात आणि आतूनच जवळून ड्रिल करतात. भूमिगत खाणीतली पहिली अडचण हीच. साठा नीट कळायला आत जावं लागतं आणि आत जायलाच आधी पैसा ओतावा लागतो.

टक्केवारी: सगळ्या हिशेबाचं मूळ

खडकात धातू किती टक्के, याला ग्रेड म्हणतात. एक टक्का तांबं म्हणजे एक टन खडकात दहा किलो. उरलेला ९९० किलो दगड फोडायचा, वर आणायचा, दळायचा आणि शेवटी कुठेतरी साठवायचा. राष्ट्रीय नोंदीतले आकडे इथेही बोलके आहेत. २०.८ कोटी टन राखीव साठ्यात तांब्याचा धातू सुमारे २७.३ लाख टन, म्हणजे सरासरी १.३ टक्के. उर्वरित १३० कोटी टनांत तो सुमारे ९४.२ लाख टन, म्हणजे सरासरी ०.७ टक्के. धातू तिथेच जास्त आहे, पण तो जास्त दगडात विखुरलेला आहे.

ज्या टक्केवारीच्या खाली खणणं तोट्याचं ठरतं, तिला कट-ऑफ ग्रेड म्हणतात. ही काही निसर्गाने आखलेली रेघ नाही. भाव चढला की ती खाली सरकते, वीज किंवा मजुरी महागली की वर. ती सरकली की साठ्याचे टनही बदलतात. खडक तोच, पण भाव पडल्यावर कंपनीचा 'साठा' कमी झाल्याची बातमी येते, ती यामुळे.

शिरेची जाडी, उतार आणि आजूबाजूचा दगड

नुसती टक्केवारी चांगली असून भागत नाही. समजा शिर दीड मीटर जाड आहे आणि तिच्यात दोन टक्के तांबं आहे. यंत्र आत जायला अडीच मीटर रुंदी लागते. मग दोन्ही बाजूंचा एक मीटर कोरा दगडही सोबत निघतो आणि दोन टक्क्यांचा माल १.२ टक्क्यांवर येतो. याला डायल्युशन म्हणतात, म्हणजे सरळ भेसळ. पातळ शिरांच्या खाणी बहुधा इथेच मार खातात.

उतारालाही महत्त्व आहे. शिर उभी असेल तर फोडलेला माल आपल्या वजनाने खाली घसरतो, तिथून भरून घेता येतो. ती तीस-चाळीस अंशांवर कललेली असेल तर माल मध्येच अडकतो. भिंतीचा दगड भक्कम असेल तर मोठ्या पोकळ्या उघड्या ठेवता येतात. तो ठिसूळ असेल तर छत पेलायला धातूचे खांब तसेच सोडावे लागतात आणि तेवढा माल कायमचा आत राहतो. पाणी जास्त असेल तर पंप चोवीस तास चालू.

खोली वाढली की उष्णता आणि दाबही वाढतो. कर्नाटकातल्या वाचकांना कोलारचं उदाहरण माहीत आहे. ती सोन्याची खाण, पण धडा तोच. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या खाणीत हवा थंड ठेवणं, पाणी उपसणं, माणसं खाली-वर नेणं यांचा खर्च वाढत गेला, सोन्याचं प्रमाण घटत गेलं आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी काम थांबलं.

उघडी खाण की भूमिगत? मलांजखंडचं उदाहरण

गोंदियाच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मलांजखंड आहे. देशातल्या तांब्याच्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी हा एक. ग्रॅनाइटमध्ये अडकलेला गारेचा सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा, तिरका खाली उतरणारा पट्टा, आणि त्यात तांब्याचं खनिज. हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीने १९८२ मध्ये इथे उघडी खाण सुरू केली.

उघड्या खाणीत मोठी यंत्रं चालतात, त्यामुळे टनामागे खर्च कमी येतो आणि कमी टक्केवारीचा मालही परवडतो. पण खड्डा जितका खोल, तितका तो वर रुंद करावा लागतो, नाहीतर कडा कोसळतात. मग एक टन खनिजासाठी कोरा दगड किती टन हलवावा लागतो, हे प्रमाण वाढत जातं. एका टप्प्यावर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते. तिथून पुढे भूमिगत खाण स्वस्त पडते. मलांजखंडला तेच झालं. उघड्या खाणीखालच्या त्याच पट्ट्यासाठी वर्षाला ५० लाख टन क्षमतेच्या भूमिगत खाणीची योजना हाती घेतली गेली.

राजस्थानात भीलवाडा जिल्ह्यातलं रामपुरा आगुचा याच वाटेने गेलं. १९७७ मध्ये साठा सापडला, १९९१ मध्ये उघडी खाण सुरू झाली, २०१८ मध्ये ती संपली आणि काम पूर्णपणे जमिनीखाली गेलं. तिथे जस्ताचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर, त्यामुळे खोलीचा खर्च पेलतो. राजसमंद जिल्ह्यातलं सिंदेसर खुर्द तर २००६ मध्ये सुरू झालं तेच भूमिगत खाण म्हणून. तिथे जस्त-शिशासोबत चांदी निघते. मुख्य धातूसोबत येणारा असा दुय्यम धातू पुष्कळदा सगळ्या हिशेबाला हात देतो.

या खाणींत आणि नुसत्या नोंदीत राहिलेल्या साठ्यांत फरक असा, की इथे टक्केवारी, जाडी, आकार आणि प्रक्रिया या चारही गोष्टी जुळून आल्या. एक जरी मोठी हुकली, तरी घोडं अडतं.

दगडातून धातू वेगळा होतो का?

खनिज दळून त्यात पाणी आणि रसायनं मिसळून हवेचे बुडबुडे सोडतात. तांब्याचे किंवा जस्ताचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसासोबत वर येतात. फेस वाळवला की कॉन्सन्ट्रेट मिळतं, ज्यात तांबं साधारण २० ते ३० टक्के असतं. ही पद्धत गंधकयुक्त खनिजावर उत्तम चालते. पृष्ठभागाजवळ हवा-पाण्याने गंजलेलं हिरवं खनिज असेल तर त्यावर ती नीट चालत नाही. कण फार बारीक असतील तर जास्त दळावं लागतं आणि वीज जास्त जळते. जस्त आणि शिसं एकमेकांत गुंतलेलं असेल तर दोन्ही स्वच्छ वेगळी करणं कठीण होतं. आर्सेनिकसारखी अशुद्धी असेल तर स्मेल्टर दंड लावतो.

वाहतूक विसरून चालत नाही. मलांजखंडला स्मेल्टर नाही, कॉन्सन्ट्रेट दूर न्यावं लागतं. रस्ता, रेल्वे आणि विजेची भक्कम लाईन जवळ असलेला मध्यम साठा हा डोंगराआडच्या श्रीमंत साठ्यापेक्षा सरस ठरू शकतो.

एका टनाचा हिशेब

आता हिशेब मांडून पाहू. खालचे टन, टक्केवारी, भाव आणि खर्च हे केवळ समजण्यासाठी मानलेले आहेत, कोणत्याही प्रत्यक्ष खाणीचे नाहीत.

समजा जमिनीत एक कोटी टन खनिज आहे आणि त्यात १.२ टक्के तांबं. म्हणजे धातू १,२०,००० टन. खांब सोडल्यावर त्यातलं ८५ टक्के खनिज निघतं. त्यात १० टक्के कोरा दगड मिसळतो. कारखान्यात ९३.५ लाख टन माल जातो, ग्रेड उतरून १.०९ टक्के होते. कारखाना ९० टक्के तांबं पकडतो आणि स्मेल्टर त्यातल्या ९६ टक्क्यांचे पैसे देतो. हातात उरतं सुमारे ८८,००० टन. जवळपास चौथा हिस्सा वाटेतच गेला.

आता कारखान्यात जाणाऱ्या एका टन मालामागचे पैसे पाहा.

– विकलं जाणारं तांबं सुमारे ९.४३ किलो. ८०० रुपये किलोने ७,५४० रुपये.
– वितळवणं, शुद्धीकरण आणि वाहतूक: ६०० रुपये वजा.
– रॉयल्टी: तांब्यासाठी २०१४ च्या दरानुसार खनिजातल्या धातूच्या लंडन बाजारातल्या किमतीवर ४.६२ टक्के. इथे सुमारे ४०३ रुपये. त्यावर लिलावाच्या खाणीला रॉयल्टीच्या १० टक्के जिल्हा खनिज निधी, म्हणजे ४० रुपये.
– हातात उरले सुमारे ६,५०० रुपये.
– खाणकाम २,८००, प्रक्रिया ९००, इतर ५००, मिळून ४,२०० रुपये खर्च.
– शिल्लक सुमारे २,३०० रुपये.

याच आकड्यांतून कट-ऑफही निघतो. ४,२०० रुपयांचा खर्च भरून यायला कारखान्यात किमान ०.७ टक्क्याचा माल जायला हवा. भेसळ धरली तर जमिनीत तो ०.७७ टक्क्याच्या आसपास असायला हवा. त्याखालचा दगड, धातू असूनही, या खाणीपुरता दगडच.

लिलावाची बोली यात अजून धरलेली नाही. बोली जिंकणारा खनिजाच्या किमतीचा ठरावीक हिस्सा राज्याला देतो. तो १० टक्के धरला तरी टनामागे सुमारे ८७० रुपये जातात आणि शिल्लक १,४३० वर येते. म्हणून चढी बोली ऐकून हुरळून जाऊ नये. राज्याला जास्त हिस्सा मिळतो खरा, पण खाण निघाली तरच.

वर्षं लागतात, आणि वर्षांचीही किंमत असते

टनामागे २,३०० रुपये आणि वर्षाला १० लाख टन, म्हणजे वर्षाला २३० कोटी. नऊ-सव्वानऊ वर्षांत २,१५० कोटी. शाफ्ट, उताराचा बोगदा, हवेचे पंखे, पंप आणि कारखाना यांसाठी आधी ९०० कोटी लागले असं धरू. वरवर पाहता १,२५० कोटींचा निव्वळ फायदा.

पण ९०० कोटी पहिल्या पाच वर्षांत जातात आणि पहिला रुपया त्यानंतर येतो. दहा वर्षांनी मिळणारे शंभर रुपये आजच्या शंभराइतके नसतात, हे मुदतठेव ठेवणाऱ्या कुणालाही कळतं. वर्षाला १० टक्क्यांनी सगळं आजच्या किमतीत आणलं तर मिळकत सुमारे ८४० कोटी आणि गुंतवणूक सुमारे ६८० कोटी भरते. कर भरण्याआधीचा फायदा उरतो १६० कोटी.

आता एकेक गोष्ट हलवून पाहू, बाकी आकडे तेच ठेवून. तांब्याचा भाव १५ टक्के पडला तर टनामागची शिल्लक २,३०० वरून १,२३५ वर येते आणि १६० कोटींच्या फायद्याऐवजी सुमारे २३० कोटींचा तोटा होतो. भाव तोच राहिला, पण पैसा गुंतवून झाल्यावर उत्पादन दोन वर्षं लांबलं, तर फायदा जवळजवळ शून्यावर येतो. वर सांगितलेली १० टक्के बोली धरली, तर मूळ भावातही ही खाण तोट्यात जाते. आकडे मानलेले असले तरी स्वभाव खराच आहे. खाणीचा नफा दोन मोठ्या आकड्यांमधली बारीक फट असते, म्हणून भावातला छोटा धक्का नफ्याला मोठा बसतो. व्यवहार्यता अहवालात एकाच भावावर न विसंबता भाव, ग्रेड, खर्च आणि उशीर असे सगळे धक्के देऊन पाहावे लागतात, ते यासाठीच.

भाव कुणाच्या हातात नाही

तांबं-जस्ताचा भाव लंडन मेटल एक्सचेंजवर ठरतो. खाणमालकाला तो मुकाट्याने घ्यावा लागतो. २००१ च्या अखेरीस तांबं टनाला १,४०० डॉलरच्या आसपास घसरलं होतं. झारखंडमधली हिंदुस्तान कॉपरची राखा खाण त्याच वर्षी बंद झाली. मे २०२१ मध्ये तांब्याने १०,००० डॉलरचा टप्पा ओलांडला. मधल्या काळात राखाच्या खडकात काहीच बदललं नव्हतं, हिशेब मात्र बदलला आणि बंद खाण पुन्हा चालू करण्याच्या हालचाली सुरू झाल्या.

पण बंद खाण म्हणजे कुलूप लावलेलं दुकान नव्हे. पंप थांबले की ती पाण्याने भरते, आधार कुजतात, कुशल माणसं पांगतात. म्हणून शहाणी कंपनी चढ्या भावावर हिशेब मांडत नाही. मंदीच्या भावातही खर्च निघेल का, हे आधी बघते.

गावाच्या वाट्याला काय येतं?

खाण परवडते की नाही, या प्रश्नाला गावाची बाजूही आहे. भूमिगत खाणीला वर जमीन कमी लागते, पण कारखाना आणि दळलेल्या दगडाचा गाळ साठवण्याचं तळं जागा घेतंच. वरच्या उदाहरणातल्या ९३.५ लाख टन मालातून कॉन्सन्ट्रेट वजा केलं तर ८५ लाख टनांच्या वर गाळ उरतो. त्यातला काही भाग सिमेंट मिसळून खालच्या पोकळ्यांत परत भरता येतो. रामपुरा आगुचासारख्या खाणींत ही पद्धत वापरतात. त्याने जमीन खचण्याचा धोका कमी होतो आणि सोडलेले खांबही काढता येतात. पण हा खर्च हिशेबात पहिल्यापासून असावा लागतो.

गंधकयुक्त खनिजाला हवा-पाणी लागलं की आम्लयुक्त पाणी तयार होतं आणि ते सोबत जड धातू वाहून नेतं. खाण बंद झाल्यावरही हे चालू राहू शकतं. उपशामुळे आसपासच्या विहिरींची पातळी उतरू शकते. २०१७ च्या खनिज संवर्धन नियमांनुसार खाण बंद करण्याची योजना आणि त्यासाठी आर्थिक हमी द्यावी लागते. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणीची तरतूद आहे. जंगल असेल तर वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेचा प्रश्न येतो. हे अडथळे म्हणून पाहण्यापेक्षा हिशेबातल्या रकमा म्हणून पाहायला हवं. पाणी आणि गाळ यांचा खर्च वगळल्यावरच जी खाण परवडते, ती खरं तर परवडत नसते, तिचं बिल फक्त दुसऱ्याच्या नावावर गेलेलं असतं.

मोबदला म्हणून जिल्हा खनिज निधी आहे. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावाच्या पट्ट्यांवर १० टक्के. हा पैसा खाणबाधित गावांसाठी आहे. मात्र तो उत्पादनाला बांधलेला आहे, खाण थांबली की तोही थांबतो.

पुढच्या बातमीला विचारायचे प्रश्न

२०२३ च्या कायदादुरुस्तीने तांबं, जस्त, शिसं अशा खोलवरच्या खनिजांसाठी खास शोध परवाना आणला आहे. त्यामुळे 'साठा सापडला'च्या बातम्या पुढे वाढतील. अशी बातमी आली किंवा जनसुनावणीची नोटीस लागली, तर हे प्रश्न हाताशी असू द्यावेत.

१. सांगितलेले टन संसाधनाचे आहेत की राखीव साठ्याचे? शोध जी-४ पातळीचा आहे की जी-२, जी-१?
२. टक्केवारी किती, कोणत्या कट-ऑफवर? शिर किती जाड आणि किती खोल?
३. नमुन्यांवर प्रक्रिया करून पाहिली आहे का? धातूतला किती भाग हाती येतो?
४. धातूचा भाव काय धरला आहे? तो २० टक्के पडला तर काय?
५. वीज, पाणी आणि रस्ता कुठून येणार? स्मेल्टर किती लांब?
६. गाळ कुठे साठणार, पोकळ्या भरणार का, विहिरींची आजची पातळी मोजून ठेवली आहे का?
७. खाण किती वर्षं चालणार आणि बंद करण्याचे पैसे कुठे बाजूला काढले आहेत?

यांतल्या पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं मिळत नसतील तर खाण अजून कागदावर आहे, तेव्हा जमिनीचे व्यवहार घाईने करू नयेत. शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळत नसतील तर कंपनीचा हिशेब झालेला असेलही, पण गावाचा अजून व्हायचा आहे. तो मांडायची जागा म्हणजे जनसुनावणी. तिथे बोललेलं इतिवृत्तात नोंदलं जातं, म्हणून प्रश्न तोंडी विचारण्यासोबत लेखीही द्यावेत आणि पोच घ्यावी.